ढ कोण?

मराठी शाळेत एक अक्षर असं आहे की ते कुणाला शिकवावं लागत नाही. ढ. पहिलीतल्या पोराला अजून क ख ग नीट गिरवता येत नाही, पण आपण ढ आहोत हे त्याला दिवाळीच्या सुट्टीआधी कळलेलं असतं. जाणकार सांगतात की अशोकाच्या ब्राह्मी लिपीत ढ जसा होता जवळपास तसाच आजच्या देवनागरीत आहे. बाकीची अक्षरं वळली, बदलली, हा गडी दोन हजार वर्षं जिथल्या तिथं. म्हणून न सुधारणाऱ्या पोराला ढ म्हणायचं. व्युत्पत्ती खरी की गमतीची, हा वाद पंडितांनी घालावा. मला एवढंच दिसतं की दोन हजार वर्षं जिथल्या तिथं बसलेली चीज वर्गात दुसरीच आहे, आणि ढ मात्र पोराला म्हणतात.

संपादकीयात शाळा कशाला, असं काही साथी विचारतील. मोर्चे आहेत, अत्याचार आहेत, अनुशेष आहे, भरतीचे घोटाळे आहेत; ते सोडून परीक्षा आणि मार्क? होय, मार्कच. सहा वर्षांच्या लेकरावर होणाऱ्या पहिल्या अत्याचाराचा पंचनामा होत नाही, गुन्हा दाखल होत नाही. त्याची नोंद प्रगतिपुस्तकात होते आणि खाली बापाची सही नाहीतर अंगठा घेतात. बापानं आपल्याच लेकराविरुद्ध दिलेला तो जबाब असतो. पुढं हाच पोरगा दहावीला गळतो, एमआयडीसीत सळयांच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहतो, आणि विचारलं तर सांगतो, "माझं डोकंच नव्हतं, दादा." काठी चालली नाही, वस्ती जळाली नाही. पोरानं स्वतःच निकाल वाचून दाखवला. व्यवस्थेचा इतका स्वस्त विजय दुसरा नाही.

मी हे जालन्यात बसून लिहितो आहे. १ मे १९८१ ला तेव्हाच्या औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतून तालुके काढून हा जिल्हा झाला. निजामाच्या राज्यात, म्हणजे १९४८ पर्यंत, शाळा ही इथं मोजक्या घरांची चैन होती. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, जालन्याची ७१-७२ वर. आज गावोगाव शाळा आहे, पोषण आहार आहे, भिंतीवर फुले-सावित्रीबाई-बाबासाहेब रंगवलेले आहेत. ज्यांची मोसंबीची बाग नाहीतर बियाण्याची एजन्सी आहे त्यांची पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत गेली. झेडपीच्या शाळेत उरली ती आपली. मंठा, परतूर, घनसावंगीकडं दसरा-दिवाळीनंतर पट आणखी खाली येतो, कारण मायबाप कोयता घेऊन साखर कारखान्याला जातात. पोरगं उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं, तोवर भागाकार होऊन गेलेला असतो. मग गुरुजी म्हणतात, याचं गणित कच्चं. भागाकार शिकवला त्या दिवशी हे लेकरू उसाच्या फडात वाढं गोळा करत होतं, त्यात मानसशास्त्र काय शोधायचं? ती सरळ गैरहजेरी आहे. पण जे पोरगं वर्षभर वर्गात बसतं, घरी भाकरी आहे, वही आहे, आणि तरी पाचवीनंतर मिटत जातं, बोलायचं थांबतं, हात वर करायचा थांबतं, त्याचं काय? खरा प्रश्न तिथून सुरू होतो, आणि त्यावर गेल्या काही वर्षांत जे संशोधन झालं ते आपल्या पोरांनी वाचलंच पाहिजे.

उत्तर प्रदेशात हरदोई नावाचा जिल्हा आहे. तिथं कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अभ्यासक स्त्रियांनी एक प्रयोग केला. त्याचा निबंध २००४ साली जागतिक बँकेनं काढला, २००६ साली तो अमेरिकेतल्या अर्थशास्त्राच्या मोठ्या नियतकालिकात आला. जागतिक बँकेवर आमचं प्रेम नाही. पण दगड शत्रूच्या आवारात सापडला म्हणून तो उचलू नये असं थोडंच आहे.

सहावी-सातवीतले ६४२ मुलगे. ३२१ सवर्ण, ३२१ दलित. त्यांना सहा-सहाच्या गटात बसवलं. काम सोपं: कागदावर छापलेला भुलभुलैया, एका टोकानं शिरायचं आणि पेन्सिलीनं वाट काढत दुसऱ्या टोकाला बाहेर पडायचं. वेळ पंधरा मिनिटं, मग पुन्हा पंधरा मिनिटं. एक भुलभुलैया सुटला की एक रुपया. यात पाठांतर नाही, शुद्धलेखन नाही, घरात पुस्तकांचं कपाट आहे की नाही याचा संबंध नाही. ण आणि न यांचा उच्चार नाही.

काही गटांत कुणाची जात काढली नाही. तिथं दलित मुलं आणि सवर्ण मुलं बरोबरीला बरोबरी. नीट वाचा, बरोबरी. दुसऱ्या गटांत एवढाच फरक केला की सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, गाव, बापाचं नाव, आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. मुलानं फक्त मान हलवून होकार द्यायचा. शिवी नाही, छडी नाही, बाजूला बसवणं नाही. मग तेच कागद, तीच पेन्सिल, तोच रुपया. दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास घसरली.

एवढ्यावर थांबू नका. दलित मुलांना वेगळं काढून, फक्त आपसात बसवून, जात जाहीर करून पाहिलं. तिथंही घसरण राहिलीच. म्हणजे "तुमच्या पोरांसाठी वेगळी तुकडी काढतो, तिथं ती मोकळी होतील" हा दयाळू उपाय फसवा आहे. वेगळं काढणं हीच घोषणा असते. आपल्याकडं अ तुकडी आणि ड तुकडी यांत कोण कुठं बसतं हे पाहायला जनगणना लागत नाही, मधल्या सुट्टीत दारात उभं राहिलं तरी पुरतं.

आणि आता या प्रयोगातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. बक्षीस किती मिळणार यात माणसाच्या मर्जीपलीकडची सोडत आणली, नशिबाची चिठ्ठी आणली, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांमधला फरक नाहीसा झाला. चिठ्ठीला जात कळत नाही हे पोरांना कळत होतं. माणसाला कळते, हेही कळत होतं. जात वाचून झाल्यावर हरदोईच्या त्या पोरानं मनात हिशेब केला असणार: आता मी कितीही सोडवलं तरी हा समोरचा माणूस माझं माप खरं भरेल कशावरून? त्याचा हात सैल पडला. याला आळस म्हणायचं? बुद्धी कमी म्हणायचं? आज्यापणज्यापासून मापात मार खाल्लेल्या माणसाचं ते शहाणपण आहे. खळ्यावर बलुतं घेताना, सावकाराच्या वहीवर अंगठा देताना, रोजगार हमीच्या मस्टरवर हजेरी लागताना जे शिकलो तेच ते पोरगं शाळेत घेऊन बसलं होतं.

इथं एका शब्दाचा हिशेब चुकता करू. न्यूनगंड. व्याख्यानमालेत, शिक्षक प्रशिक्षणात, वर्तमानपत्राच्या पुरवणीत हा शब्द आपल्या पोरांसाठी राखून ठेवलेला आहे. नोकरीत राखीव जागा द्यायला कुरकुर करणारे न्यूनगंडाची शंभर टक्के जागा आनंदानं आपल्याला देतात. पण हरदोईचा निकाल काय सांगतो? जात काढायच्या आधी ते पोरगं बरोबरीनं सोडवत होतं. न्यूनगंड त्याच्या आत असता तर तो आधीही दिसला असता. तो त्याच्या डोक्यात नव्हता, वाचणाऱ्याच्या हातातल्या कागदावर होता. दोन मिनिटांत तो वाचून झाला आणि पंधरा मिनिटांत त्याचे रुपये कमी झाले.

एका प्रयोगावर सगळा डोलारा उभा करू नये, हे मीही जाणतो. हा एका जिल्ह्यातला, फक्त मुलग्यांवर केलेला प्रयोग. आपल्या पोरींना जात आणि बाईपण यांचं दुहेरी ओझं घेऊन कोडी सोडवावी लागली असती तर काय झालं असतं, ते त्यात नाही. अमेरिकेत क्लॉड स्टील आणि जोशुआ अरॉन्सन यांनी १९९५ साली काळ्या विद्यार्थ्यांवर याच जातीचे प्रयोग छापले: ही तुमच्या बौद्धिक क्षमतेची परीक्षा आहे असं सांगितलं की मार्क खाली, तसं न सांगता तेच प्रश्न दिले की मार्क वर. नंतरच्या मोठ्या चाचण्यांत हा परिणाम कुठं कमी निघाला, कुठं निघालाच नाही. शास्त्र असंच चालतं, आणि चालू दे. आपल्याला पोथी नको आहे. बाबासाहेब कोलंबियात ज्यांच्यापुढं बसले ते जॉन ड्यूई १८९९ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. मानसशास्त्र हे आपल्या घराला परकं नाही. प्रश्न एवढाच की ते कुणाकडं बोट करून उभं आहे.

आता हरदोईवरून जालन्याला या. मान हलवायचा तो कार्यक्रम आपल्याकडं कोण्या संशोधकाला करावा लागत नाही. वर्षातून पाच-सहा वेळा शाळाच करते. मी शिकलो त्या शाळेत (नाव लिहीत नाही, तशा शाळा पुष्कळ) कारकून यादी घेऊन दारात यायचा आणि म्हणायचा, "एससीवाले उभे राहा." आम्ही उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसून आम्हाला मोजायचा. जातीचा दाखला आणला का, बापाचं उत्पन्न किती, बँकेचं पासबुक कुठं आहे, हे सगळं चाळीस पोरांदेखत. मागासवर्गीय आणि गरीब घरच्या पोरींसाठी १९९२ साली उपस्थिती भत्ता सुरू झाला: दिवसाला एक रुपया. हरदोईत कोडं सुटलं की एक रुपया, इथं हजर राहिलं की एक रुपया. त्या रुपयासाठी पोरीला वर्षाच्या सुरुवातीलाच आपली जात वर्गात उभं राहून कबूल करावी लागे. सावित्रीबाईंच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, पाचवी ते सातवीच्या अनुसूचित जातीच्या पोरींना महिन्याच्या हिशेबानं ठरलेली. पैसे हक्काचे आहेत, ते सोडायचे नाहीत. सोडायची आहे ती दवंडी. पैसे खात्यात जातात, कागद कचेरीत राहतात, मग नाव वर्गात ओरडायचं कारण काय? कारण काहीच नाही. सवय आहे, आणि त्या सवयीत काहींना गोडी आहे.

कुणी म्हणेल, गावात सगळे एकमेकांना ओळखतातच, आडनावावरून तर शेंबडं पोरही जात सांगतं, मग न ओरडून काय फरक पडणार? पडतो. शेजारच्या बाकावरच्या पोराला माझी जात माहीत असणं वेगळं आणि मार्क देणाऱ्या माणसानं ती अधिकारानं उच्चारून माझ्याकडून मान हलवून घेणं वेगळं. पहिलं गाव आहे, दुसरं सरकार आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. पाट्या बदलल्या, पण वर्गातली दवंडी चालूच आहे, आणि ती बंद करायला रंगाचा डबाही लागत नाही.

मापाचा प्रश्न तर आणखी उघडा आहे. दहावीला बहुतेक विषयांत ऐंशी मार्कांचा लेखी पेपर असतो आणि वीस मार्क शाळेच्या हातात. लेखी उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो. तपासणाऱ्याला नाव दिसत नाही, आडनाव दिसत नाही. तिथं आपल्या पोराला चिठ्ठीचा न्याय मिळतो. वीस मार्कांत तोंडी आहे, प्रकल्प आहे, वही आहे. तिथं समोर माणूस आहे, ओळखीचं आडनाव आहे आणि ण-नचा उच्चार आहे. आठवीपर्यंत तर सगळंच शिक्षकाच्या हातात. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा आम्हाला आनंद झाला होता, घोकंपट्टी गेली म्हणून. आता प्रत्येक पोराच्या वागण्याबद्दल, आवडीबद्दल, प्रगतीबद्दल गुरुजींनी वर्णनात्मक नोंदी करायच्या. त्या तयार नोंदींची पुस्तकं बाजारात मिळतात. "वर्गात लक्ष देत नाही." "गटकार्यात सहभाग कमी." "स्वच्छतेबाबत सुधारणा आवश्यक." कोणत्या पोरापुढं कोणतं वाक्य उतरवायचं ते पुस्तक सांगत नाही, ते आधीच ठरलेलं असतं. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या तरटावर कोपऱ्यात बसणारा, शिपाई नसला तर तहानलेला राहणारा जो मुलगा होता, त्याच्या वर्णनात्मक नोंदीत काय लिहिलं असतं? गटकार्यात सहभाग कमी.

त्याच मुलाचे मॅट्रिकचे मार्क आपण पाठ केले पाहिजेत. १९०७, एल्फिन्स्टन हायस्कूल, ७५० पैकी २८२. टक्केवारी काढा, अडतीसही भरत नाही. पुढं कोलंबिया, लंडन, डॉक्टरेटवर डॉक्टरेट, ते आपण जयंतीच्या प्रत्येक भाषणात सांगतो आणि २८२ चा आकडा गाळतो, जणू तो बाबासाहेबांना कमीपणा आणतो. अरे, कमीपणा त्या परीक्षेला आहे. त्या पेपरनं काय मोजलं आणि काय मोजलं नाही, हे त्या आकड्याइतकं कुणी सांगितलेलं नाही.

बुद्धी मोजायचं यंत्र काढलं आल्फ्रेड बिने यानं, पॅरिसला, १९०५ साली. हेतू साधा होता: कोणत्या पोराला जादा मदत लागेल ते लवकर कळावं. बुद्धी जन्मतः कायमची ठरते असं तो मानत नव्हता. यंत्र अमेरिकेत गेलं आणि त्याची तलवार झाली. लुईस टर्मन यानं १९१६ साली त्याची नवी आवृत्ती काढली, पहिल्या महायुद्धात लाखो सैनिकांची बुद्धी तपासली गेली, आणि त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम या प्राध्यापकानं १९२३ साली पुस्तक लिहून उत्तर युरोपातले गोरे वर आणि काळे तळाला असं शास्त्र मांडलं. मनूला पानं लागली, याला तक्ते लागले. सात वर्षांनी, १९३० साली, त्याच ब्रिगहॅमनं आपला निष्कर्ष निराधार होता असं लिहून दिलं. मधल्या सात वर्षांत ज्यांच्यावर शिक्के बसले त्यांना काही लिहून आलं नाही. आपल्या बाजूला धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिनेची चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, १९४० साली त्यांचं पुस्तक निघालं, आणि बिने-कामत हे नाव आजही चाचणी घेणाऱ्यांच्या तोंडी आहे. साहेबाचे प्रश्न जसेच्या तसे न घेता ते इथल्या पोरांवर तपासून घेणं हे कामतांचं काम मोलाचंच. पण चाचणी बिनेच्या हेतूनं वापरायची की ब्रिगहॅमच्या, हे वापरणाऱ्याच्या हातात राहतं.

आपल्याकडं कोणत्या हेतूनं वापरली जाते ते पाहायचं तर शिष्यवृत्ती परीक्षा पाहा. तीनशेपैकी शंभर मार्क "बुद्धिमत्ता चाचणी"चे. आरशातली प्रतिमा, वेन आकृती, सांकेतिक भाषा, घड्याळाचे काटे, "चित्राच्या आईचा भाऊ रमेशचा कोण". नवोदयच्या प्रवेश परीक्षेत ऐंशीपैकी चाळीस प्रश्न असेच. आणि बाजारात काय आहे? बुद्धिमत्तेचं गाईड. बुद्धिमत्तेचे क्लास. सुट्टीतली खास बॅच. जालन्यात नाहीतर संभाजीनगरात फी भरली की सहा महिन्यांत बुद्धी वाढवून मिळते! जी वस्तू पैसे भरून वाढते ती जन्मजात कशी? आणि पैसे भरून वाढते तर ती मोजून हुशार-ढ कशाला ठरवता, सरळ बापाचं उत्पन्न विचारा आणि शिष्यवृत्ती द्या. ज्याचं जास्त त्याला जास्त. निदान कागद तरी वाचतील.

आता कडू घास. मला तो टाळता येत नाही, कारण तो आपल्याच ताटातला आहे. रेमा हॅना आणि ली लिंडेन या दोघांनी भारतात केलेला एक प्रयोग २०१२ साली छापून आला. मुलांची खरी परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका शिक्षकांना तपासायला दिल्या. फक्त वरच्या पानावर मुलाचं वय, मुलगा की मुलगी, आणि जात ही माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणाचीही कुणावर, चिकटवली. तीच उत्तरं, पण वर खालची जात लिहिली की मार्क थोडे कमी. फरक लहान होता, पण होता. इथपर्यंत आपण म्हणू, माहीतच होतं. पुढचं ऐका. हा फरक वरच्या जातीच्या शिक्षकांकडून दिसला नाही. तो खालच्या जातींतल्या शिक्षकांकडून आला.

हे वाचल्यावर माझ्या एका साथीदारानं कागद फेकून दिला. म्हणाला, हे आपल्याला आपसात लावून द्यायचं कारस्थान आहे. मला तसं वाटत नाही. आपल्या वस्तीतून शिकून गुरुजी झालेला माणूस आठवा. तो पहिल्या पगाराला गावात पेढे वाटतो, तालुक्याला प्लॉट घेतो, आणि वर्गात आपल्याच वस्तीतलं पोरगं चुकलं की इतरांपेक्षा जास्त तापतो. "मी या परिस्थितीतून वर आलो, तुला काय धाड भरली?" त्यात माया असते, भीतीही असते: स्टाफरूममध्ये कुणी म्हणायला नको की आपल्यावाल्यांना मार्क देतो. म्हणून तो आपल्याच पोराच्या वहीवर लाल पेन जड हातानं चालवतो. बाबासाहेबांनी शिकलेल्यांनी धोका दिला म्हणून खंत केली, ती आपण साहेब लोकांपुरती धरली. मार्कांची वही हातात असलेला प्रत्येक जण त्यात येतो. सवर्ण शिक्षक यातून सुटला असंही कुणी समजू नये. एका प्रयोगातल्या मार्कांत फरक निघाला नाही म्हणून वर्गातली दवंडी त्याची नाही असं होत नाही.

त्याच अभ्यासात इलाजही दडलेला आहे. हा फरक तपासणीच्या सुरुवातीच्या उत्तरपत्रिकांत जास्त दिसला, पुढं पुढं कमी होत गेला. म्हणजे काय? कोणत्या उत्तराला किती मार्क हे हाताला बसलेलं नसतं तेव्हा शिक्षक वरच्या पानावरच्या जातीचा आधार घेतो. माप पक्कं झालं की जात मागं पडते. तेव्हा माप आधी पक्कं करा. गुणदानाची योजना तपासणीच्या आधी कागदावर लिहा, उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी बैठक क्रमांक टाका, घटक चाचणीलासुद्धा. याला आयोग लागत नाही, निधी लागत नाही. मुख्याध्यापकाच्या मनात आलं तर सोमवारी सुरू होईल.

त्याऐवजी सरकारला काय सुचतं? २०१६ पासून काही वर्षं राज्य मंडळानं दहावीच्या सगळ्या पोरांची कल चाचणी घेतली. सात कप्पे: शेती, कला-मानव्य, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. ज्या पोरानं आयुष्यात चित्रकाराचा स्टुडिओ पाहिला नाही, प्रयोगशाळेची कुलूप लावलेली खोलीच पाहिली, पण रोज पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी पळणारे दादा पाहिले, त्याचा कल कुठं जाणार? वर्दीकडं. मग त्याला छापील कागद मिळतो की हाच तुझा कल. आज्याचा कल ठरवायला मनू होता. नातवाला विचारून ठरवतात, एवढी प्रगती झाली हे मान्य करू. पण पाहिलेल्या चार गोष्टींतून एक निवडणं याला कल म्हणायचं असेल तर आधी दाखवा तरी काय काय आहे ते.

आणि आता पाचवी-आठवीची परीक्षा. शिक्षण हक्क कायद्यानं, २००९ साली, आठवीपर्यंत पोराला मागं ठेवायला बंदी केली होती. त्याच कायद्याच्या सतराव्या कलमात मार आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई आहे. २०१९ साली केंद्रानं मागं ठेवायची वाट उघडली, २०२३ साली महाराष्ट्रानं ती धरली: पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापासाला पुन्हा एक संधी, तरी नापास तर त्याच वर्गात. शिक्षक म्हणतात, पास करत नेल्यामुळं पोरं कच्ची राहिली. कच्ची राहिली हे खरं आहे, मी नाकारत नाही. आठवीच्या पोराला साधा उतारा वाचता येत नाही हे आपल्याच घरात दिसतं. पण पाच वर्षं ज्यानं शिकवलं नाही तो पास, आणि अकरा वर्षांचं लेकरू नापास, हा कोणता न्याय? फडावरून परतलेली पोरगी पाचवीला एकदा मागं राहिली तर बाप तिला दुसऱ्यांदा शाळेत धाडणार नाही, कोयत्याच्या जोडीला नेईल, नाहीतर लग्न उरकेल. सतराव्या कलमाचा मानसिक छळ म्हणजे काय ते मग कुणी ठरवायचं?

पुण्या-मुंबईत, संभाजीनगरात खोली करून राहणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपणाऱ्या दोस्तांनो, तुम्ही ती चाळणी पार करून गेलात. मे महिन्यात लग्नाच्या तिथीला गावी याल तेव्हा दोन दिवस जादा काढा. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधी आपल्या गावच्या मुख्याध्यापकांना भेटा, जमल्यास दोघं-तिघं मिळून, आवाज न चढवता. शिष्यवृत्तीची नावं वर्गात वाचणार का, हे विचारा. उत्तरपत्रिकेवर क्रमांक टाकणार का, ते विचारा. तुकड्या कशाच्या आधारावर पाडल्या त्याची यादी पाहायला मागा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी, निम्म्या बाया हव्यात. आपल्या वस्तीतल्या किती आया त्या समितीत आहेत, त्यांना बैठकीचा निरोप येतो का, आणि इतिवृत्तावर त्यांचा अंगठा शाळेत घेतात की घरी वही पाठवून, एवढं आठही तालुक्यांतून आम्हाला लिहून कळवा. शाळेचं नाव, तारीख आणि काय उत्तर मिळालं ते स्वच्छ अक्षरात लिहा. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी मोकळी ठेवली आहेत.